आंघोळीची सावड

गुडघ्यांनी दगा दिला आणि मी मुरबाडच्या या वृद्धनिवासात आले. जेवण, गोळ्या सगळं वेळेवर. पण आंघोळ दुसऱ्या बाईच्या हातून! अगं बाई, जन्मभर वैशाखरे गावी शेतात राबलेली मी, आणि माझी पाठ आता कुणी परकी चोळणार? पहिल्या दिवशी आंघोळ घालायला आलेल्या बाईला मी न्हाणीबाहेर काढलं. मग स्टुलावरून उठता येईना, म्हणून मीच तिला हाका मारल्या. ती हसत आत आली. "लाजता कशाला आजी? मला पण आय हाय घरी."

आमच्याकडे भातलावणीला सावड असते. आज तुम्ही माझ्या शेतात, उद्या मी तुमच्या. कुणाचं काम फुकट घेतलं तर मला घास उतरत नाही. मी तिला बजावलं, "तू माझी पाठ चोळ, मी तुझे वाल सोलते." आधी ती नकोच म्हणत होती, पण माझ्यापुढे कोण टिकतंय! ती घरून मोड आलेले वाल घेऊन यायची, मी व्हरांड्यात बसून सोलायची. तिच्या घरी रात्री डाळिंब्यांची उसळ. आमचं झकास जमलं होतं.

एका रविवारी मुलगा कल्याणहून आला. माझ्यापुढची वालाची परात बघून त्याचं डोकंच फिरलं. तडक ऑफिसात गेला. "आईला आराम मिळावा म्हणून इथं ठेवली, आणि तुमची बाई तिच्याकडून घरची कामं करून घेते?" ऑफिसातल्या बाई घाबरल्या. त्यांनी तिला सांगून टाकलं, उद्यापासून येऊ नकोस. माझ्या हौसेपायी तिची नोकरी जात होती.

मी काय गप्प बसणाऱ्यातली नाही. काठी टेकत ऑफिस गाठलं. "ही नाय तर आंघोळ नाय. बघू कोण घालतो ते!"

"आई, हट्ट करू नकोस."

"हट्ट? घरी भाजी चिरायला घेतली, सूनबाईनं विळी काढून घेतली. केर काढायला गेले, तू झाडू घेतलास. मायेनंच घेतलात, नाय म्हणत नाय. पण गौर बसवावी तशी बसवून ठेवलंत रे मला. गौरीला तरी तिसऱ्या दिवशी सोडतात! हिनं मला कामाला लावलं नाय. मी मागितलं, हिनं करू दिलं."

ऑफिसातल्या बाईंना हसू आवरेना. त्या तिला म्हणाल्या, "उद्या वेळेवर ये गं." मुलानंही तिची माफी मागितली. मला बरं वाटलं, पण राग पुरता गेला नव्हता.

निघताना तो दारात घुटमळला. सँडलचा पट्टा उगाच दोनदा लावला.

"आई, पुढच्या रविवारी मेथी आणू? तुझ्या सुनेला टाइमच नाय मिळत. निवडून देशील?"

माझे डोळे भरून आले. आवाज मात्र मी चढाच ठेवला.

"विचारतोस काय मेल्या? टोपलीभर आण!"