ब्रेकरसाहेबांची ठेंगणी गाडी

रस्ते खात्यात साहेब ओव्हरसियर होते आणि उभ्या नोकरीत त्यांनी मनापासून एकच काम केलं. स्पीडब्रेकर घातले. ते स्वतः मात्र 'गतिरोधक' म्हणायचे, तेही एकेक अक्षर सुटं करून, म्हणून लोकांनी त्यांचं नाव ब्रेकरसाहेब ठेवून टाकलं. शाळेच्या दारासमोर घातला, ठीक आहे. पण साहेबांनी शाळेच्या मागच्या बाजूलाही घातला, जिथे नुसती भिंत आहे. उंची किती असावी हे खात्याच्या नियमात छापलेलं होतं. ते वाचायच्या भानगडीत साहेब कधी पडले नाहीत. गरम डांबराशेजारी उभं राहायचं, पँट जरा वर ओढायची आणि मुकादमाला सांगायचं, "अर्ध्या पोटरीपर्यंत येऊ दे." साहेब पडले उंच, आता त्याला कोण काय करणार?

लोकांनी शिव्यांची लाखोली वाहिली. कुणाचे मणके ढिले झाले, कुणाच्या दुधाच्या किटल्या उलटल्या. साहेब शांत. "वेगाची मस्ती उतरवायलाच घातलाय तो," असं म्हणून पुढच्या रस्त्याला लागायचे.

आणि निवृत्त झाल्यावर या माणसानं घ्यावी काय? तर स्पोर्ट्स कार! लालभडक, दोनच सीटची, जमिनीला पोट टेकवून बसलेली. एका दंतवैद्याकडून सेकंडहँड घेतली. दंतवैद्य इतकी देखणी गाडी का विकतोय, हे साहेबांनी विचारलं नाही. तो याच शहरात राहतो, एवढ्यावरून तरी उजेड पडायला हवा होता. पण साहेबांना तरुणपणापासून हौस होती आणि हौस डोक्यात शिरली की माणूस प्रश्न विचारत नाही.

पहिल्याच दिवशी गल्लीच्या तोंडाशी गाडीखालून खर्रकन आवाज आला. साहेब कसेबसे बाहेर आले, रस्त्यावर ओणवे झाले, खाली वाकून बघितलं.

"कुठल्या गाढवानं घातलाय हा?"

"तुम्ही," आत बसलेली बायको म्हणाली.

ही बायको म्हणजे मोठ्या सरकारी दवाखान्यातल्या मोठ्या सिस्टर. सगळा दवाखाना त्यांना याच नावानं ओळखायचा. डॉक्टर बदलून गेले, इमारतीचा रंग बदलला, सिस्टर वॉर्डात होत्या तिथेच. स्वभाव मोजकं बोलण्याचा. घरीही जास्त बोलावं लागत नसे, कारण साहेब दोघांपुरतं बोलायचे.

ब्रेकर ओलांडायची एक पद्धत मग साहेबांनी बसवली. ब्रेकर आला की गाडी थांबवायची. सिस्टरनी उतरायचं, म्हणजे गाडी हलकी होऊन बोटभर वर उचलली जायची. मग त्यांनी पुढे जाऊन वाकायचं आणि पोटाखाली किती जागा आहे ते हातानं दाखवायचं. साहेब गाडी तिरकी घालून एकेक चाक चढवायचे, एकेक उतरवायचे. पलीकडे गेल्यावर सिस्टरनी पुन्हा बसायचं. आता त्या सीटमध्ये बसणं म्हणजे विहिरीत उतरणं, आणि सिस्टरचे गुडघे आयुष्यभर वॉर्डात उभं राहून आधीच कामातून गेलेले. मागे खोळंबलेले लोक हॉर्न वाजवायचे. काही जण काच खाली करून साहेबांचा नावानिशी उद्धार करायचे. पण बाई हूं की चूं करत नसत. माणसाला सहन करायची सवय लागली की समोरच्याला तो आपला हक्क वाटायला लागतो, आणि साहेबांना तो केव्हाच वाटू लागला होता.

मग सिस्टरच्या निवृत्तीचा दिवस आला. दवाखान्याच्या हॉलमध्ये निरोपाचा कार्यक्रम होता आणि त्यांना भाषण करायचं होतं. जन्मात कधी माईकसमोर उभ्या न राहिलेल्या या बाईनं आठवडाभर स्वयंपाकघरात ओट्याशी उभं राहून ते पाठ केलं. कुणाकुणाचे आभार मानायचे, कुणाचं नाव राहून जायला नको, या काळजीनं त्यांना झोप लागत नव्हती. साहेब दारातून म्हणायचे, "माझं शेवटी घे. शेवटचं लोकांच्या लक्षात राहतं."

त्या सकाळी सिस्टर म्हणाल्या, "मी बसनं जाते. वेळेवर पोचेन."

"आज? बसनं? अगं, लोक काय म्हणतील? थाटात नेतो तुला."

थाट कसला डोंबलाचा! बाई नव्या कपड्यांत प्रत्येक ब्रेकरला उतरत होत्या, वाकत होत्या, हात दाखवत होत्या आणि पुन्हा विहिरीत जात होत्या. दवाखान्याचं फाटक दिसलं तोवर अर्धा तास उशीर झाला होता. सगळा स्टाफ फुलं घेऊन बाहेर येऊन उभा होता. फाटकात शेवटचा ब्रेकर होता, साहेबांच्या ऐन उमेदीतला. सिस्टरनी दाराला हात घातला.

"आता नको उतरू," साहेब म्हणाले. "सगळे बघतायत. दिसायला बरं दिसत नाही."

पुढची चाकं वर चढून पलीकडे उतरली आणि गाडी मधल्या पोटावर अशी बसली की पुढेही जाईना आणि मागेही येईना. चाकं नुसती फिरायला लागली. आणि नेमकी त्याच वेळी मागून ॲम्ब्युलन्स आली.

साहेब सांगत होते, "एक मिनिट, एक मिनिट." सिस्टर थांबल्या नाहीत. दार उघडून त्या अक्षरशः रांगत बाहेर पडल्या, धावत मागे गेल्या. आत एक म्हातारा होता, ओठ निळे पडलेले. त्यांनी स्ट्रेचर उतरवायला लावलं, साहेबांची गाडी आणि फाटकाची भिंत यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेतून तिरकं करून काढलं आणि म्हाताऱ्याच्या तोंडावरचा मास्क एका हातानं धरून त्याच्याबरोबर आत गेल्या. हॉलच्या दारासमोरून गेल्या, पण तिकडे पाहिलंही नाही.

राहिलेल्या स्टाफनं फुलं बाजूला ठेवून गाडी उचलली. साहेब आतच बसून होते. स्टिअरिंग सरळ धरायला कुणीतरी लागतं, असं त्यांचं म्हणणं.

म्हातारा वाचला. पण प्रमुख पाहुण्यांना दुसरीकडे जायचं होतं. ते वाट बघून गेले, मग डॉक्टर राउंडला गेले, मांडववाल्यानं खुर्च्या उचलल्या. दुपारी सिस्टर बाहेर आल्या तेव्हा हॉलला कुलूप होतं. नव्या कपड्यांवर घाईत चढवलेला ॲप्रन तसाच होता.

साहेब फाटकाबाहेर थांबले होते. काय बोलायचं ते सकाळपासून मनात जुळवत होते, आणि तोंडातून निघालं ते हे, "गाडीला तसं काही झालं नाही. खालून थोडं खरचटलंय."

सिस्टरनी त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्ही व्हा पुढे. मी चालत येते."

त्या चालू लागल्या. साहेब काच खाली करून गाडी त्यांच्या बाजूनं हळूहळू चालवत राहिले. चुकलं म्हणायचं होतं त्यांना, खरोखर म्हणायचं होतं. शब्द ओठांवर यायचे आणि समोर ब्रेकर यायचा, मग डोळे रस्त्यावर. तेवढ्यात त्यांना ऐकू आलं. सिस्टर बोलत होत्या. त्यांच्याशी नाही, समोर बघून, सावकाश, माईकवर बोलावं तसं. त्या आभार मानत होत्या. झाडूवाल्या मावशींचे. धोबीखान्याचे. रात्री चहा आणून देणाऱ्या वॉचमनचे. पहिल्या दिवशी इंजेक्शन धरायला शिकवलेल्या सिस्टरचे. साहेबांनी गाडीचा पंखासुद्धा बंद केला. बाई एकही नाव विसरल्या नव्हत्या. "आणि शेवटी घरातले," त्या म्हणाल्या, आणि ब्रेकर आला.

साहेबांनी गाडी तिरकी घातली. पहिलं चाक, दुसरं चाक. सिस्टर पुढे निघून गेल्या होत्या. ओठ हलताना दिसत होते, आवाज पोचत नव्हता. तिसरं, चौथं. घाईत खालून खरचटलं, तरी ते थांबले नाहीत. त्यांनी गाडी बाजूला आणली तेव्हा सिस्टर गप्प चालत होत्या.

"माझ्याबद्दल काय म्हणालीस?"

"झालं भाषण."

"अगं, पण मला ऐकू नाही आलं. पुन्हा म्हण ना."

"तुम्ही मागे होतात," सिस्टर म्हणाल्या आणि गल्लीत वळल्या.