मागून येणारा आवाज

"माझ्या मागून कोणीतरी गातंय रे."

"मागून कोण गाणार? खोलीत तू आणि मी. तुझाच आवाज आहे तो."

"माझा असता तर माझ्याबरोबर आला नसता का? हा रेंगाळत येतोय. त्याच्यासाठी थांबावं लागतं मला, आणि तेवढ्यात तुझा ठेका पुढं निघून जातो."

"ठेका कुठं जात नाही, ताई. तो मशीनमधला आहे. तुझा ताल सुटतोय."

ताईनं हेडफोन काढून मांडीवर ठेवला. भाऊ मान खाली घालून माउस सरकवत बसला. बोलून गेल्यावर त्यालाही कळलं, की शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

कारण ही बाई तालात वाढलेली. बाप गवंडी. बांधकामावर विटा वर चढवायच्या तर माणसं पायरी-पायरीनं उभी करायची आणि खालच्यानं वरच्याकडं वीट भिरकवायची. फेकणारा आणि झेलणारा एका तालात नसले की वीट थेट डोक्यात. म्हणून बापानं त्या कामाची गाणी रचलेली. कुठं लिहिली नाहीत. लिहायला येत होतं कुणाला? शाळेच्या वयात ताई त्या रांगेत मधोमध उभी राहून गायची. तिच्या आवाजावर विटा चढायच्या, आणि तिच्या हातून कधी वीट पडली नाही. बाप गेला, रांगेतली माणसं पांगली, आता गाणी उरली होती ती ताईच्या गळ्यात. आणि गळ्यातच गाठ निघाली. डॉक्टर म्हणाला, ऑपरेशन करावंच लागेल, नंतर आवाज राहील न राहील, आत्ता सांगता येत नाही.

भाऊ वायरमन. शर्टाच्या खिशात कायम टेस्टर खोचलेला, म्हणून सगळे त्याला टेस्टरच म्हणायचे. मागच्या खोलीत त्यानं एक जुना कॉम्प्युटर जमवला होता आणि माइक जोडायची एक डबी घेतली होती. भिंतींना गाद्या उभ्या केलेल्या, आवाज घुमू नये म्हणून. पंखा बंद, कारण पंख्याची घरघर माइकात जाते. असल्या भट्टीत ताई दुपारची, तिचं इस्त्रीचं दुकान बंद असायचं तेव्हा, येऊन गायची. फोनवर घेऊन बघितलं होतं; त्यात रस्ता जास्त आणि ताई कमी. टेस्टरला ते साफ हवं होतं. विटेवर वीट आपटून त्यानं ठेका आधी भरून ठेवला होता, त्यावर ताईचा गळा चढवायचा.

पहिल्या खेपेला हेडफोनात नुसतं तडतड. मका भाजल्यासारखं. टेस्टरनं धंद्याच्या सवयीनं वायर धरली. माइकची वायर बदलली, खटका बदलला, अर्थिंग तपासलं. तडतड चालूच. मग कॉम्प्युटरात शिरला, बफर नावाचा आकडा सापडला, तो वाढवला. तडतड गेली. मोठा किल्ला सर केल्यासारखा तो खूश झाला. आणि त्याच दिवसापासून ताईला मागून कोणीतरी गाताना ऐकू यायला लागलं.

त्यानं ते ऐकून घेतलं नाही. गाणी ठेक्यामागं फरफटत निघायची, म्हणून पुसायचा. पुन्हा घ्यायचा, पुन्हा पुसायचा. ताई दुकानात इस्त्री करताना गुणगुणायची, ते थांबलं. शेजारचा शिंपी म्हणाला, "ताई, तुमचा रेडिओ बिघडला काय?" ती म्हणाली, "स्टेशनच बंद पडलंय." शिंपी हसला. ती हसली नाही.

आणि आता तिनं सांगून टाकलं, "पुरे झालं. गळ्याच्या आधी माझा कानच गेला म्हणायचा." चपला घातल्या आणि गेली.

टेस्टर तिथंच बसून राहिला. बायको चहा घेऊन आली, एक कप जास्तीचा.

"वन्सं गेल्या?"

"गेली. ताल राहिला नाही तिचा."

"त्यांचा? अहो, पोळपाटावर लाटणं फिरवलं तरी त्या मोजून फिरवतात. ते कानाचं तुम्ही एकदा तरी घातलंय का?"

"मी कशाला घालू? मी पडद्यावर बघतो ना."

"मग बघा पडद्यावर."

ती कप आपटून गेली. टेस्टरनं चहा घेतला, आणि कुणी बघत नाही असं पाहून हेडफोन चढवला. माइकवर बोटानं टिचकी मारली. बोट उचललं, आणि मग कानात टिचकी वाजली. पुन्हा मारली. पुन्हा तेच.

वीट हातातून सुटली होती आणि वरच्याला पोचायला वेळ लावत होती. एवढंच होतं. बफर म्हणजे घमेलं. मोठं घमेलं घेतलं की काही सांडत नाही, पण भरेपर्यंत वरचा हात पसरून उभा. लहान घेतलं की माल वेळेवर पोचतो, पण देणाऱ्याघेणाऱ्यांचे हात अपुरे पडले की सांडासांड. ती तडतड म्हणजे सांडलेला माल. त्यानं सांडणं थांबवलं होतं, उशीर वाढवून. आणि उशिराचं खापर बहिणीवर.

मग घमेलं लहान ठेवून माल सांडू द्यायचा नसेल, तर रांग बघायला हवी. तो रांगेच्या मागं लागला. डबी आणि कॉम्प्युटर यांच्यामध्ये बोलणी करून देणारा जो असतो त्याला ड्रायव्हर म्हणतात. डबीचा आपला ड्रायव्हर होता. पण मध्यंतरी कॉम्प्युटरनं स्वतःला अपडेट करून घेतलं होतं, आणि त्या धांदलीत डबीचा माणूस बाजूला सारून आपला एक सरकारी कारकून तिथं बसवला होता. हा कारकून प्रत्येक वीट दहा जणांना दाखवून मगच पुढं द्यायचा. टेस्टरनं त्याला उठवलं. डबीवाल्या कंपनीच्या पानावरून तिचा ड्रायव्हर आणून बसवला, कॉम्प्युटर बंद करून चालू केला, गाण्याच्या प्रोग्रॅममध्ये जाऊन तोच निवडला. वायफाय बंद केलं, वीज वाचवायची सोय बंद केली. कामाच्या वेळी झोपा काढणारे हात नकोत. मग बफरचा आकडा हळूहळू खाली आणला. टिचकी मारली. बोटाबरोबर वाजली. तडतड नाही.

तो तसाच दुकानात गेला. ताई कुणाचीशी पँट दाबत होती.

"तुझा ताल नव्हता सुटत. मशीन उशीर करत होतं. तू म्हणत होतीस ते खरं होतं."

ताईनं इस्त्री उभी केली. "आणि आधीची गाणी? तीही ओढून सरळ करता येतील ना?"

"ती मी पुसली."

"सगळी?"

"सगळी."

पुसलेल्या त्या खेपांच्या वेळी तिचा आवाज भरलेला होता. आता घसा बसायला लागला होता; दोन वाक्यं बोलली की खाकरावं लागायचं. हे दोघांनाही माहीत होतं.

"तू आधी मला विचारायला हवं होतंस," ती म्हणाली. "मशीनला नंतर." मग पँटची घडी घातली. "ही एवढी गठडी संपवते. तू पंखा बंद कर जाऊन."

ती आली. गायली. वर जाणाऱ्या ओळी घशानं दिल्या नाहीत. तिथं ती शब्द नुसते बोलली आणि टाळी देत राहिली. एका गाण्यात मधे खोकली, टाळी मात्र चुकली नाही. टेस्टरनं एकही खेप पुसली नाही. खोकलाही ठेवला.

ऑपरेशन झालं. जीव राहिला. आवाजाच्या जागी एक सळसळ उरली, कोरा कागद चुरगाळावा तशी. टाके सुकल्यावर ताई पुन्हा टेबलामागं उभी राहिली. टेस्टर फोनवर गाणी घेऊन आला. तिनं एक कान दिला, हात थांबवला नाही. इस्त्री कापडावर पडत होती, उठत होती. जिथं ओळ नुसती बोललेली होती तिथं तिनं त्याला जवळ बोलावलं.

"इथं," ती कुजबुजली, "उशिरा आलेय का मी?"

"नाही."

"नक्की?"

"कानाला लावून ऐकलंय मी."

"मग झालं." तिनं पुढचा शर्ट ओढला, बाही पसरली. "खालचा प्लग बघ. गरम होतोय सकाळपासून."

टेस्टरनं फोन ठेवला, खिशातला टेस्टर काढला आणि टेबलाखाली शिरला.