बाबांचं लॅटिन आणि आईची ओळ

माझे बाबा थडग्यांचे दगड कोरायचे. एकतीस वर्षं त्यांनी लॅटिन कोरलं, आणि त्यातला एक शब्दही आपल्याला कळत नाही याचा त्यांना चक्क अभिमान होता. अर्थ कळला की हात घसरतो, म्हणायचे. दुकानाच्या भिंतीवर चौदा ओळींचा तक्ता होता, आजोबांच्या वेळचा. गिऱ्हाईक दगड निवडायचं, बाबा पट्टी लावून रुंदी मोजायचे आणि मावेल ती ओळ सुचवायचे. अरुंद दगडाला नऊ नंबर. नऊ नंबर कुठेही बसायची.

एकदा शाळेतून निवृत्त झालेले लॅटिनचे मास्तर भावासाठी दगड सांगायला आले. त्यांनी तक्ता वाचला आणि हळूच विचारलं, ही नववी ओळ कुणाकुणाला दिलीत? बाबांनी कौतुकानं यादी ऐकवली. दोन न्हावी, एक पोस्टमास्तर, आणि जन्मभर लग्न न केलेले एक धर्मगुरू. मास्तर म्हणाले, तिचा अर्थ 'माझ्या लाडक्या बायकोस' असा होतो.

बाबा दोन दिवस दुकानाकडे फिरकले नाहीत. आई मात्र पलंगावर पडल्या पडल्या हसत होती. तिचं हृदय तेव्हा थकलेलं होतं, डॉक्टरांनी फार तर वर्ष सांगितलं होतं. हसून झाल्यावर ती बाबांना म्हणाली, "माझ्या दगडावर तक्त्यातली ओळ नको. तुम्ही स्वतः जुळवलेली हवी. आणि मला ती जिवंतपणी बघायची आहे."

झालं. बाबा लॅटिन शिकायला बसले. बसले कसले, कसं बसावं याचा विचार करू लागले. मास्तरांनी लहान मुलांचं गोष्टींचं पुस्तक दिलं आणि सांगितलं, रोज दहा ओळी मोठ्यानं वाचा, अडलं तर मला विचारा. बाबांना ते पोरकट वाटलं. औषधांच्या दुकानदारानं सांगितलं, आधी शब्दरूपांचे तक्ते पाठ करा. धाकट्या काकांचं म्हणणं, भाषा बोलून येते. आता बोलायचं कुणाशी, ते काकांनी सांगितलं नाही.

कोरणाऱ्या माणसाची सवय अशी की अख्ख्या दगडावर पेन्सिलनं आखणी झाल्याशिवाय छिन्नी लावायची नाही, कारण कोरलेलं अक्षर पुसता येत नाही. बाबांनी तोच कायदा लॅटिनला लावला. वेळापत्रक केलं, मग त्याहून चांगलं वेळापत्रक केलं. तिन्ही पद्धतींचे फायदे-तोटे दोन वह्यांत उतरवले. कपाटावर तक्ते, औषधांच्या फळीवर तक्ते, आरशावर तर इतके की भांग पाडायला मला शेजारी जावं लागे. चार महिने नुसते कागदी घोडे.

एक दिवस मी भडकलेच. बाबा शांतपणे म्हणाले, सुरुवात चुकली तर जन्मभर निस्तरावं लागतं. मी म्हटलं, "जन्म कुणाचा चाललाय, बाबा?" ते पट्टी घेऊन वेळापत्रकाच्या रेघा मारू लागले. मला माझीच लाज वाटली, पण शब्द परत घेतला नाही.

ते पोरकट पुस्तक तोवर आईच्या उशाशी येऊन पडलं होतं. दुपार जाता जात नाही म्हणून ती ते वाचायची. अडलं की मास्तरांची वाट बघायची, आणि मास्तर काही ना काही निमित्त काढून यायचेच. पद्धत-बिद्धत तिला ठाऊक नव्हती. मग एका सकाळी तिनं बाबांच्या हातात चिठ्ठी ठेवली. चिठ्ठीत तिनंच जुळवलेली लॅटिनची एक ओळ होती. बाबांचा चेहरा पडला. अर्थ विचारला तर म्हणाली, आधी कोरा.

अकरा दिवस ते मान वर न करता कोरत होते. इतकं देखणं काम त्यांच्या हातून आधी झालं नव्हतं. आईला आम्ही खुर्चीत बसवून दुकानात नेलं. तिनं ओळीवरून बोट फिरवलं, मोठ्यानं वाचली आणि अशी हसत सुटली की तिला औषध द्यावं लागलं. अर्थ कुणालाही सांगायचा नाही अशी तिनं मास्तरांना शपथ घातली. तीन आठवड्यांनी ती गेली.

दगड बसवला त्या दिवशी मास्तरांना राहवेना. आता शपथ कुणासाठी पाळायची, म्हणाले. बाबांनी त्यांचा हात धरला. "सांगू नका. मी वाचीन."

घरी येऊन त्यांनी सगळे तक्ते उतरवले, वह्या रद्दीत दिल्या आणि ते पुस्तक घेतलं. रोज सकाळी दगडासमोर स्टूल टाकून दहा ओळी, मोठ्यानं. लोकांना वाटे प्रार्थना चाललीय. मला मात्र त्यांचा संताप यायचा. हेच ती असताना केलं असतं तर काय बिघडलं असतं?

चौदा महिन्यांनी एका दुपारी ते उशिरा घरी आले. हातपाय धुतले आणि टेबलाशी बसले. डोळे लाल होते. मी विचारलं, वाचली? त्यांनी मान डोलावली. काय लिहिलंय, विचारलं, तर आधी पेलाभर पाणी प्यायले. मग म्हणाले, "'वाचलंत एकदाचं? आता घरी जा आणि जेवून घ्या.'"

मी ताट वाढलं. ते जेवले.