इव्हनसाँगमधला म्हातारा

मी इव्हनसाँगला जायला लागले ते भक्तीने नव्हे, ट्रॅफिकमुळे. मेलबर्नच्या एका युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत माझी नोकरी आणि घर लांबच्या उपनगरात, पॉइंट कुकला. पाचला निघालं की फ्रीवेवर गाडी मुंगीच्या गतीने चालायची आणि सातला निघालं की रस्ता मोकळा. मधला वेळ काढायचा कुठे? लायब्ररीच्या मागे एका जुन्या कॉलेजचं चॅपल, म्हणजे छोटंसं चर्च आहे. टर्म चालू असली की दर गुरुवारी कॉलेजची मुलंमुली तिथे संध्याकाळची प्रार्थना गातात, तिलाच इव्हनसाँग म्हणतात. प्रवेश फुकट, आत हीटर, आणि कुणी काही विचारत नाही. पुण्याच्या माणसाला एवढं पुरतं.

पहिल्या दिवशी वाटलं, आपण चुकून तालमीला येऊन बसलोय. गाणाऱ्यांची तोंडं आपल्याकडे नसतातच. समोरासमोर दोन रांगा, अंगात लांब झगे, झग्यांखाली धावायचे बूट. एका रांगेने एक ओळ गायची, दुसरीने पुढची. टाळ्या नाहीत, निवेदन नाही. ऐकणारे मोजकेच, बहुतेक पांढऱ्या केसांचे, कधी उठायचं आणि कधी बसायचं हे पाठ असलेले. मी त्यांच्याकडे बघून उठायची आणि बसायची. नवरा म्हणाला, तू आता बाटणार. मी म्हटलं, पेट्रोल वाचतंय.

पण ते मला आवडायला लागलं. का, ते मला सांगता येत नाही आणि सांगायला गेले की उगाच मोठ्या गोष्टी बोलल्यासारखं होतं. बाबांना मात्र मी फोनवर सगळं सांगायची. बाबा बँकेतून निवृत्त झालेले आणि गाण्याचे वेडे. दोन रांगांचं ऐकून ते म्हणाले, म्हणजे सवाल-जवाबच की.

महामारीत चॅपल बंद झालं. पुढे थोडी मोकळीक मिळाल्यावर क्वायर, म्हणजे ती गाणारी मुलंमुली, रिकाम्या चॅपलमध्ये गायला लागली आणि ते नेटवरून थेट दिसायला लागलं. मी लिंक बाबांना पाठवली. आमची संध्याकाळ म्हणजे त्यांची दुपार. जेवण झालं की बाबा टॅबलेट छातीवर ठेवून आडवे व्हायचे. पहिल्या खेपेला म्हणाले, झोप झकास लागली. मला जरा रागच आला. पण पुढच्या गुरुवारी त्यांचाच फोन आला, अजून सुरू कसं नाही झालं म्हणून.

त्यांना अर्थ हवा असायचा. एक गाणं दर वेळी असतं, चाल वेगळी पण शब्द तेच. मी त्यांना त्यातली गोष्ट सांगितली. एका म्हाताऱ्याला देवाने शब्द दिलेला असतो, जगाला तारणारं बाळ बघितल्याशिवाय तुला मरण येणार नाही. तो वाट बघत राहतो. शेवटी ते बाळ त्याच्या हातात येतं, आणि तो म्हणतो, आता मला सुखाने जाऊ दे, दिलेला शब्द तू पाळलास.

बाबांनी शेवट पुन्हा एकदा सांगायला लावला. मग म्हणाले, 'तू कधी येतेयस?'

विमानं सुरू झाली की येते, असं मी म्हटलं.

तिकडच्या दुसऱ्या लाटेत बाबा गेले. ताप आला, हॉस्पिटलमध्ये नेलं, आठवडाभरही लागला नाही. इथली बॉर्डर बंद होती, पण अगदीच कुलूप नव्हतं. बाहेर जायला परवानगी मागता येत होती. परत येता येईल की नाही याची मात्र खात्री नव्हती आणि मुलगी बारावीला होती. सगळ्यांना मी सांगितलं, जाता येत नाही. मी परवानगीचा अर्ज केलाच नव्हता, हे फक्त नवऱ्याला ठाऊक होतं आणि त्यानेही तो विषय कधी काढला नाही.

बाबांचं सगळं चुलतभावाने केलं. दहाव्याला घाटावर मोजकीच माणसं होती. बायका घाटावर जात नाहीत, पण फोनला कुणी अडवलं नाही. भावाने व्हिडिओ कॉल लावला, घरून आई त्याच कॉलवर होती, आणि मी माझ्या डायनिंग टेबलाशी, कामाचा लॅपटॉप बाजूला सारून. पिंड मांडले. भिंतीवर कावळे होते, चांगले चार-पाच. एकही खाली येईना. काका म्हणाले, वहिनीला काही कमी पडू देणार नाही. भाऊ म्हणाला, मी रोज घरी जाईन. कावळे माना वाकड्या करून बघत होते. ऊन चढलं, गुरुजी घड्याळ बघायला लागले. त्या दिवसांत घाटावर मागे रांग असायची, पुढचे लोक ताटकळले होते.

भाऊ फोन पिंडांसमोर धरून म्हणाला, 'तायडे, तू बोल. तुझ्यात अडकलेत ते.'

मी शिकलेली बाई आहे. कावळ्याला भूक असते, इच्छा नसते, हे मला कळतं. तरी फोनमधल्या त्या इवल्याशा भाताच्या गोळ्यांकडे बघून मी म्हणाले, 'बाबा, मी आईजवळ राहायला येते. कायमची.'

कावळा शिवला.

भाऊ रडला, काकांनी हात जोडले. मी लॅपटॉप पुढे ओढला आणि पाचच मिनिटांनी एका मीटिंगला बसले. मीटिंगमध्ये मला बरं वाटत होतं, याची मला आजही लाज वाटते.

आई त्यावर एक अक्षर बोलली नाही. तिने बाबांची खोली रंगवून घेतली. गादी नवी केली. फोनवर मला भिंती दाखवल्या, रंग फिका पिवळा, मला आवडतो तो. सोसायटीत सगळ्यांना कळलं होतं, लेक येणार. एकदा मुलीने विचारलं, 'मम, आर वी मूव्हिंग टू इंडिया? आजी पेंटेड अ रूम.' मी 'नो' म्हटलं, इतक्या पटकन की तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं.

आईला ते 'नो' मला सांगता येईना. त्यापेक्षा बॉर्डर बरी होती. दर वेळी सरकार बंदीची मुदत वाढवायचं, आमच्या मराठी ग्रुपवर लोक चिडायचे, रडायचे, कुणाची आई आजारी, कुणाचं नातवंड न बघितलेलं. मीही रडक्या इमोजी टाकायची आणि मनातून सुटल्यासारखं वाटायचं. सुंठेवाचून खोकला जावा, तसं चाललं होतं माझं.

वर्षअखेरीला बॉर्डर उघडणार असं जाहीर झालं. ग्रुपवर तिकिटांचे फोटो यायला लागले. मी ग्रुप म्यूट केला.

त्याच सुमाराला चॅपल पुन्हा उघडलं. दारात लशीचं सर्टिफिकेट दाखवायचं, मास्क लावायचा, एकाआड एक बाक रिकामा. मी वर्षातल्या शेवटच्या इव्हनसाँगला गेले. कॅमेरा अजून तिथे होता. मागच्या बाकांवरची नेहमीची पांढरी डोकी कमी झाली होती. ती घरी होती की नव्हतीच, कुणाला विचारायचं?

म्हाताऱ्याचं गाणं आलं. सगळे उठले, मीही उठले. त्या मुलांचे आवाज इतके स्वच्छ होते की मला राग आला. विशीतल्या पोरांना काय कळतंय, शब्द पाळला गेल्यावर जाणं म्हणजे काय? माझे बाबा मात्र न पाळल्या जाणाऱ्या शब्दावर निघून गेले होते. मी त्यांना फसवून वाटेला लावलं होतं. मास्क ओला झाला आणि श्वास घेता येईना, तेव्हा मी गाणं संपायच्या आत खाली बसले.

बाहेर अजून लख्ख उजेड होता. हिरवळीवर आले तोच आईचा फोन वाजला. बाबा गेल्यापासून गुरुवारी ती त्यांचा टॅबलेट लावून बसते, हे मला ठाऊक होतं. तिला इंग्रजी कळत नाही आणि गाण्याचीही फारशी आवड नाही.

'झालं ना?' तिने विचारलं. 'आज म्हातारा आला होता का?'

बाबांनी तिला ती गोष्ट सांगितली होती, हे मला तेव्हा कळलं. आला होता, मी म्हटलं, दर वेळी येतो. ती म्हणाली, तुझे बाबा तेवढं ऐकूनच झोपायचे.

मग मला थांबवेना. 'आई, मी कायमची येणार नाहीये. महिनाभर येईन. घाटावर बोलले ते कावळा शिवत नव्हता म्हणून.'

तिच्याकडे कुकरची शिट्टी झाली. ती उठून गॅस बंद करून आली, ते मला ऐकू आलं.

'तेव्हाच कळलं होतं मला,' ती म्हणाली. 'तुझा आवाज मला कळत नाही का?'

'मग खोली कशाला रंगवलीस?'

'महिनाभर तरी येशील ना.'

आसपासची मुलं झगे हातावर टाकून हसत-खिदळत चालली होती. आईला वाटलं, फोन कट झाला. तिने दोनदा हॅलो म्हटलं. ऐकतेय, मी म्हटलं, तेव्हा ती सावकाश बोलली.

'एक ऐक. माझ्या वेळी असं काही बोलू नकोस. मी अडून बसणार नाही. शिवेल कावळा लगेच.'

मी 'बरं' म्हटलं. तेही फोनवरच.