बॅटरीची माफी न मागणारे वानखडे सर

पुंडलिकराव वानखडे सरांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात एका सिनेमाच्या ऑपरेटरने लिहावे, हे सत्कार समितीतल्या काही मंडळींना रुचलेले नाही, असे कानावर आले. त्यांना रुचणार नाही असेच मी लिहिणार आहे.

सरांची आणि माझी पहिली भेट चिखलीच्या टॉकीजमध्ये, मशीनच्या खोलीत झाली. सर तेव्हा तिथल्या शाळेत इतिहास शिकवीत. एका दुपारी ते पत्र्याची पेटी मांडीवर सांभाळत मलकापूरहून एसटीने आले आणि घरी न जाता थेट माझा जिना चढले.

"गणपतराव, रविवारी सकाळी तुमचा पडदा रिकामाच राह्यते ना? मले पायजे."

"पेटीत काय हाय?"

"लढाईची दुकानदारी. हसाचा पिक्चर हाय."

एका ओळखीच्या फिल्म सोसायटीकडून सर असे परदेशी चित्रपट मागवीत. एकात दोन्ही सैन्यांना तोफा विकणारा व्यापारी असे, दुसऱ्यात तह झाल्याची बातमी ऐकून पदकांचा कारखानदार ढसाढसा रडे. भाषा कोणालाच कळत नसे. म्हणून मी मशीनचा आवाज बंद करी आणि सर पडद्याखाली माइक घेऊन त्या तोफवाल्या शेठला वऱ्हाडी बोलायला लावीत. "घ्या हो साहेब, एका तोफेवर एक शिपाई फुकट." उंद्रीहून गाडीबैलाने आलेली माणसे पोट धरून हसत.

आमच्या टॉकीजला मशीन एकच. रीळ बदलताना पडदा काळा राहिला की लोक शिट्ट्या मारतात, म्हणून तेवढ्या वेळात गावातल्या व्यापाऱ्यांच्या जाहिरातींच्या रंगवलेल्या काचा लावायची आमची रीत. "माह्या खेळात काचा नोको, अंधार राहू द्या," असे सरांनी बजावले होते. पासष्टच्या लढाईनंतरचे ते दिवस. बिडीपासून बनियनपर्यंत प्रत्येक काचेवर जवान उभा होता. एका रविवारी पडद्यावरचा तोफवाला शेठ इस्पितळाशेजारी आपली नवी शाखा उघडत होता. तेवढ्यात रीळ संपले आणि माझ्या हाताने सवयीने काच सरकवली. पडद्यावर बंदूकधारी जवान आला. खाली अक्षरे होती, 'जवान सीमेवर जागा आहे, तुम्ही अंधारात का? आमचीच बॅटरी घ्या.' त्याखाली गावातल्याच एका शेठचे नाव.

लोकांना वाटले, हा पिक्चरचाच भाग. अख्खे टॉकीज हसू लागले. सरांनी वळून पाहिले. मी काच ओढून घेणार, तोच त्यांनी ती अक्षरे तोफवाल्या शेठच्याच आवाजात माइकवर वाचली.

बॅटरीवाले शेठ सरांच्या शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष होते. तीन दिवसांत मंडळाची बैठक बसली. आरोप होता जवानांच्या अपमानाचा. माफी लिहून द्या, नाहीतर संग्रामपूरच्या शाखेत जा. संग्रामपूर म्हणजे जिल्ह्याचे दुसरे टोक, पार सातपुड्याच्या पायथ्याशी, आणि सरांच्या आई तेव्हा चिखलीत अंथरुणाला खिळलेल्या. साक्षीला मलाही बोलावले होते. "काच कोनं लावली?" अध्यक्षांनी माझ्याकडे पाहून विचारले. टॉकीजच्या मालकांचे आणि त्यांचे रोजचे उठणेबसणे. खरे सांगितले तर माझी नोकरी जाणार होती. मी तोंड उघडण्याआधी सर बोलले.

"खेळ माहा होता. जे दिसलं थे माह्या खेळात दिसलं."

"मंग माफी लिवा."

"जवानाची माफी मी कवाबी मांगीन. त्याच्या नावानं बॅटऱ्या इकल्या तुमी, मंग माफी मी काऊन मांगू?"

सर आईंना घेऊन संग्रामपूरला गेले. आईंचे शेवटचे दिवस तिकडेच, अनोळखी माणसांत गेले. निघताना एसटी स्टँडवर मी कबुली द्यायला लागलो, तर सरांनी मला थांबवले. "मले मालूम हाय, गणपतराव. काच लागली थे बरंच झालं. पिक्चर अपुरा होता, थो पुरा झाला." पुढे माझी मुलगी मॅट्रिकला बसली, तेव्हा तिच्यासाठी इतिहासाच्या हाताने लिहिलेल्या वह्या संग्रामपूरहून पोस्टाने येत राहिल्या.

तिकडेही सर गप्प बसले नाहीत. शाळेच्या खिडक्यांना घोंगड्या लावून त्यांनी हेच चित्रपट दाखवले. पुन्हा लढाई झाली, पुन्हा बिडीच्या बंडलावर जवान आला, आणि सर पुन्हा माइक घेऊन उभे राहिले. आता याच ग्रंथाच्या प्रस्तावनेत 'सरांनी ग्रामीण भाग स्वेच्छेने निवडला' असे छापले जाणार आहे म्हणे. ते खोटे आहे. सरांना शिक्षा झाली होती, आणि तीही माझ्या चुकीची. काच मी लावली होती. हे लिहायला मला इतकी वर्षे लागली याची लाज वाटते. संपादकांनी हा परिच्छेद गाळू नये. गाळला तरी उपयोग नाही.

कारण ती काच मी शेठना परत केली नव्हती. सत्काराच्या रविवारी सकाळी आमच्या टॉकीजमध्ये तोच चित्रपट लावायचे ठरले आहे. रीळ बदलताना ती काच मी मुद्दाम लावणार आहे आणि खाली येऊन सगळ्यांसमोर, त्या बैठकीतल्या मंडळींसमोरसुद्धा, माझे नाव सांगणार आहे. लढाईचे दुकान अजून जोरात चालू आहे. ते बंद झालेले पाहण्याइतके आयुष्य सरांना लाभो, आणि तोवर त्यांची तब्येत आणि आवाज खणखणीत राहो. एवढीच विनंती, सर, त्या दिवशी माझ्या आधी बोलू नका.