बाबांनी बंद केलेली विहीर

आई पटकीनं गेली आणि दुसऱ्या दिवशी बाबा कामावर गेले.

लोकांना ते निष्ठुर वाटलं. मलाही. मी लहान होते.

निजामाच्या राज्यात बाबा बलदियाचे, म्हणजे नगरपालिकेचे, इंजिनियर होते. हैदराबादला शिकून परभणीकडच्या एका कसब्यात आले. रस्ते, नाल्या, पाणी, सगळं एकट्याकडे.

त्या उन्हाळ्यात गावात पटकीची, कॉलऱ्याची, साथ आली.

आमच्या गल्लीतल्या विहिरीत नालीचं पाणी झिरपतंय, हे बाबांच्या लक्षात आलं. विहीर बंद करायची परमिशन मागायला ते वरच्या साहेबांकडे गेले.

साहेब म्हणाले, "गर्मी में बावली बंद करे तो लोगां कां जाते? हुकूम आने तक ठैरो."

बाबा थांबले.

विहिरीचं नाव न काढता, पाणी उकळून प्या, असं घरोघर सांगत फिरले. आमच्या घरी तर सक्त ताकीद.

पण चैत्राचं हळदीकुंकू होतं. शेजारच्या काशीमावशींनी आईच्या हातात त्याच विहिरीच्या पाण्याचं पन्हं दिलं. आईला नाही म्हणवलं नाही.

बस. एवढंच.

ती गेली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी बाबांनी गडी नेले आणि विहिरीच्या तोंडावर फळ्या ठोकल्या. बायका घागरी घेऊन जमल्या. सगळ्यांत पुढं काशीमावशी.

"दादा, आता लेकरांनी काय प्यावं?"

"मळ्यातून गाडीनं पाणी यायलंय, वहिनी. तेच भरा."

"हुकूम कुणाचा हाय?"

"माझा."

साहेबांनी त्यांना सस्पेंड केलं. गल्लीतली पटकी मात्र हळूहळू थांबली.

त्या दिवसांत मी एकदा विचारलं, "बाबा, पन्ह्यामुळंच ना?"

त्यांनी मला समोर बसवलं. मग म्हणाले, "सरू, मावशींसमोर हे कधी काढायचं नाही. त्यांना विहिरीचं ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं."

राज्य बदललं, तेव्हा बाबांना परत बोलावलं. रिटायर होईपर्यंत त्यांनी गावोगावी पाण्याचीच कामं केली.

माझ्या वेण्या काशीमावशींनी घातल्या. लग्नात आईच्या जागी त्याच उभ्या राहिल्या. "तुझी आई असती तर," म्हणून रडायच्या. बाबा उठून अंगणात जायचे.

मावशी जाईपर्यंत आम्ही दोघं याबद्दल गप्पच राहिलो.

आज बाबांचा स्मृतिदिन. मी सांगतेय, नात टाइप करतेय. तिचे डोळे भरून आलेत. मला रडू येत नाही.

बाबा, आज मी बोलले. आता कुणाच्या मनाला लागेल, असं कुणी राहिलं नाही.

तुम्हाला नमस्कार.

— तुमची सरू