पोपटीसाठी उसने कान

गेल्या वर्षी न्हाणीघरात घसरून मनगट मोडलं आणि प्लास्टर निघालं त्या दिवसापासून मी स्वतःला म्हातारी म्हणायला लागले. वय एकसष्ट. आधी गंमत म्हणून, मग सोय म्हणून. कुणाच्या लग्नाला जायचं नसेल, "आता वय झालं." भाजी निवडायचा कंटाळा आला, "आता वय झालं." मुलाने ते भलतंच मनावर घेतलं. आईने एकटीने कुठे जायचं नाही, असा घरात ठरावच पास झाला.

अशात जानेवारीत तळा गावाजवळच्या वाडीवरून शेवंतावन्संचा फोन आला. या माझ्या नवऱ्याच्या थोरल्या बहीण, वय शहात्तर. तो जाऊन सहा वर्षं झाली, पण वन्संनी नातं तोडलं नाही. "सुमन, वालाच्या शेंगा भरल्यात. पोपटी लावायची हाय. एकटीच ये, तुझ्याकडं काम हाय!" काय काम, ते सांगेनात. मुलाला म्हटलं, बाबा रे, हा माझा एकटीचा शेवटचा प्रवास, मग तू म्हणशील तसं.

माणगावमार्गे सरळ जाता आलं असतं. पण शेवटचाच तर लांबून जाऊ, म्हणून सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच धरली. दीडेक तास लागतो. टोपी घ्या आणि वरच बसा, खाली डिझेलचा वास येतो. उतरताना खलाशी ओरडला, "आजी, हात द्या!" मी मागे वळून पाहिलं, आजी कुठे दिसेना. मग कळलं!

रिकाम्या टोपल्या घेऊन उतरणारी एक कोळीण हसत सुटली. "मनाला नको लावू बाय. मला पन आजी बोलतो मेला. ह्याची आई नि मी एका वर्गात होतो!"

रेवसहून अलिबागला एसटी, बायकांना अर्धं तिकीट. अलिबागला बांगड्याची थाळी अडीचशेत, तांदळाची भाकरी गरम हवी असेल तर एकच्या आत पोचा. पुढे रोहा, आणि रोह्याहून तळ्याची गाडी. गाड्या कमी आहेत, वेळ स्टँडवरच विचारून घ्या. घाटातल्या वळणांवर माझं मनगट मी जिवापाड सांभाळलं.

पोचल्यावर चहासुद्धा न देता वन्सं मला गोठ्यामागे घेऊन गेल्या.

"मला आयकायला येत न्हाय गं," त्या म्हणाल्या. "कुनाला बोललेली न्हाय."

ज्यांना पोपटी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मडक्यात भांबुर्डी नावाच्या रानझुडपाचा कडवट वासाचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, ओवा, जाडं मीठ भरायचं, पाण्याचा थेंब नाही. तोंडाशी पाला कोंबून मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा, लाकडं पेटवायची. झाली का ते बघायला तापल्या मडक्यावर पाणी शिंपडतात. चर्र वाजलं की काढायची. लवकर काढली तर शेंगा कच्च्या, उशीर झाला तर कोळसा, आणि एकदा मडकं उघडलं की परत लावता येत नाही. गेली तीस वर्षं वाडीची पोपटी कधी काढायची ते वन्संच सांगतात. बाकी म्हातारे कडेला प्लास्टिकच्या खुर्च्यांत बसतात, त्यांना ताट हातात मिळतं. "मला एकदा त्या खुर्चीत बसवलं की संपलं," वन्सं म्हणाल्या. "तू बाजूला उभी ऱ्हा. वाजलं की माझं कोपर दाब."

म्हणजे म्हातारी मी, आणि माझे कान तरणे म्हणून बोलावलेलं! इतका आनंद मला कित्येक महिन्यांत झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना सगळे शेतात जमले. वन्संची सून मनीषा माझ्यासाठी खुर्ची घेऊन आली. "मामी, बसा." मी म्हटलं, नको गं, आणि वन्संच्या शेजारी उकिडवी बसून मडकं भरायला लागले. पाला ठासायला बरीच ताकद लागते. मग जाळ झाला. वन्संनी पाणी शिंपडलं. चर्र! मी कोपर दाबलं. वन्सं ढिम्म. परत दाबलं. त्या नाक वर करून नुसत्या उभ्या. मला धीर कसला धरवतो!

"वन्सं, वाजलं की!" मी सगळ्यांदेखत ओरडले.

आणि जीभ चावली. सगळ्यांच्या माना वन्संकडे वळल्या. मला तर जमीन दुभंगावी असं झालं. वन्संचा चेहरा उतरला, त्या खुर्च्यांकडे बघायला लागल्या.

मनीषा पुढे आली, त्यांच्या समोर उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, "आई, तुम्हाला आयकू येत न्हाय, आम्हाला दोन वर्सं म्हाईत हाय. कधी काढू ते सांगा."

"म्हाईत होतं? मग बोलला का न्हाय?"

"पोपटी कधी चुकली न्हाय, म्हनून!"

वन्सं पुन्हा जाळाकडे वळल्या. पाच मिनिटं कोणी हललं नाही. पाल्याचा कडवट वास जाऊन ओव्याचा, भाजल्या शेंगांचा वास आला, तेव्हा त्या म्हणाल्या, "आता." म्हणजे दोन वर्षं कानांचं काम त्यांचं नाकच करत होतं!

काय शेंगा होत्या म्हणून सांगू! आतला दाणा लोण्यासारखा. सगळ्यांना वाटून झाल्यावर वन्संनी स्वतःच एक खुर्ची ओढली, ऐसपैस बसल्या आणि दुसरीवर थाप मारून मला बोलावलं. मीही निमूट बसले. उभं राहून पाय दुखले होते, आणि खुर्ची छान होती.

निघताना म्हणाल्या, "पुढल्या वर्षी ये."

"आता माझे कान कशाला?"

"कान न्हाय गं. पाला चांगला ठासतेस."

परत येताना माणगावहून हायवेची गाडी धरली. मुलगा स्टँडवर न्यायला आला होता. पिशवीतल्या शेंगांचा वास घेत त्याने विचारलं, "आई, मनगट दुखलं का?"

मनगट! मी हातांकडे बघितलं. नखांत भांबुर्डीचा हिरवा रंग अजून होता. वन्संच्या दारात पाऊल टाकल्यापासून मला ते मनगट एकदाही आठवलं नव्हतं. देवाचे, वन्संचे, त्या हाताचे, सगळ्यांचेच आभार मानावेसे वाटले. मग मुलाला सांगितलं की ठराव रद्द, पुढच्या जानेवारीत मला काम आहे.